अनंतकाठ

अनंतने टेपरेकॉर्डरचं बटण पुन्हा एकदा दाबलं आणि टीव्हीच्या पडद्यावर नजर रोवून बसला. पडद्याच्या चारी कडांना लाल आणि आकाशी पट्टे थरथरू लागले, म्हणजे कॉम्प्युटरला कॅसेट ऐकू यायला लागली होती. आता हे जाऊन निळे-पिवळे बारीक पट्टे यायला हवे होते. ते आले, पण जोर धरायच्या आतच विस्कटले, आणि पडद्याच्या तळाशी तीच इंग्रजी ओळ उमटली, की कॅसेट वाचता येत नाही. सकाळपासून ती ओळ पाहून पाहून त्याचं डोकं उठलं होतं.

“राहू द्या न भाऊजी, चहा घ्या,” गोपिकावहिनी म्हणाली. ती कपबशी घेऊन केव्हाची उभी होती.

“ठेवा तिथं. होते आता.”

ते काही होत नव्हतं. अनंतने कॅसेट काढली, फुंकर मारली, दुसरी घातली. आवाज थोडा वाढवून पाहिला, थोडा कमी करून पाहिला. वायरची पिन उपसून पुन्हा खोचली. चहावर साय धरली तरी त्याचं लक्ष नव्हतं. मागे खिडकीजवळच्या खुर्चीत त्याचा मोठा भाऊ केशव उशीला टेकून बसला होता आणि पडद्याकडे न पाहता धाकट्याच्या हातांकडे पाहत होता.

मार्गशीर्षात केशवला अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. होळीपर्यंत वाचा थोडी परत आली. ‘हो’, ‘नाही’, ‘पाणी’, ‘गोपी’ एवढे शब्द स्पष्ट निघत. बाकीचे घशातच गोळा होत आणि ते समजले तर फक्त वहिनीला समजत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की यांना कळतं सगळं, नेहमीसारखं बोलत जा. तरी अनंत त्याच्याशी जरा मोठ्यानेच बोले, बहिऱ्याशी बोलावं तसं.

अनंत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होता, पण त्याचा जीव होता परदेशी घरगुती कॉम्प्युटरांवर. नागपुरात ही यंत्रं येत ती कोणाच्या तरी लंडनच्या मामाकडून नाहीतर अमेरिकेच्या जावयाकडून, आणि आल्या आल्या बहुधा मरत. अमेरिकेचं यंत्र तिकडच्या कमी दाबाच्या विजेचं. घरातला कोणीतरी हौशी ते सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसे, जळका वास सुटे, आणि मग ती महागाची वस्तू जी कपाटावर चढे ती तिथंच राही. रामदासपेठेतल्या आणि धरमपेठेतल्या कितीतरी कपाटांवरची धूळ अनंतने अशी झाडली होती. घरची बाई म्हणे, घेऊन जा बाप्पा, जागा तरी होईन. की हा प्राणी ते सायकलच्या कॅरिअरला बांधून, नवरी आणावी तशा थाटात घरी आणी. मग इतवारीतून तांब्याच्या तारेचा नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायचा, रबरी बटणांखालचा फाटका पापुद्रा जोडायचा, मोडक्या जॉयस्टिकला सायकलच्या स्पोकचा दांडा बसवायचा. समोरची खोली या भंगाराने भरली होती. त्याची बायको लतिका त्या खोलीला दवाखाना म्हणे. पाहुण्यांना तिथं टेकायला जागा नसे, पण चांदीच्या वर्खासारख्या कागदावर छापणारा एक टीचभर प्रिंटर मात्र पाटावर ऐसपैस बसलेला असे.

बिघडलेलं नीट करणं एक वेळ समजू शकतं, पण अनंतला नीट असलेलंही आणखी नीट करावंसं वाटे. लग्नात जेवायला बसला, तर मांडवाचा खांब तिरका आहे हे त्याला पहिल्या घासालाच दिसे आणि मग तो खांब सरळ होईपर्यंत त्याला जिलबी गोड लागत नसे. लोक हसत, आणि अडलं की त्यालाच बोलावत. त्यामुळे यात काही खोड आहे असं त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

केशवला हा कॉम्प्युटर त्यानेच दिला होता. दोघांच्या वडिलांचा हातमाग होता. केशव मागावर बसला नाही, पण लुगड्याचे काठ काढायचा हात त्याला होता, आणि विणकरांच्या सोसायटीसाठी तो चौकटीच्या कागदावर काठ काढून देत असे. दवाखान्यातला एक बरा झालेला सिंक्लेअर कंपनीचा कॉम्प्युटर अनंतने त्याला आणून दिला, गाणी ऐकायचा साधा टेपरेकॉर्डर जोडून दिला, चार इंग्रजी आज्ञा शिकवल्या. त्याला वाटलं होतं, दादा चार दिवस खेळेल आणि झाकून ठेवेल. पण केशव त्याच्यापुढे बसला तो बसलाच. कागदावर एक कोयरी बदलायची म्हणजे अख्खा काठ खोडायचा. इथं एक आकडा बदलला की पडद्यावर सगळा काठ नवा. पसंत पडला तर कॅसेटवर उतरवून ठेवायचा, नाहीतर पुसायचा. वर्षभरात कागद सुटला तो सुटलाच.

त्यातला एक काठ अनंतने मागे एका दिवाळीत सहज पाहायला म्हणून घरी नेला. पाहताना त्याच्या लक्षात आलं, की काही कोयऱ्या सुलट गेल्या की मध्येच एक उलट्या तोंडाची येते. आकड्यांत गफलत झाली असणार, दुसरं काय. त्याने ती कोयरी सरळ केली, बसल्या बैठकीला सगळा प्रोग्रॅम थोडा वेगवान केला, आणि त्याच कॅसेटवर, जुन्याच्याच जागी उतरवून परत नेऊन दिला. केशवने पडद्यावर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ‘छान’ म्हणाला. सोसायटीला तो काठ पसंत पडला, अक्षय तृतीयेला लुगडी बाजारात गेली, आणि सोसायटीचे अध्यक्ष महादेवराव थट्टेने म्हणा की कौतुकाने म्हणा त्याला ‘अनंतकाठ’ म्हणू लागले. नाव चिकटलं. गांधीबागेतल्या दुकानांतही बाया ‘अनंतकाठ आहे काय’ म्हणून विचारू लागल्या. ते ऐकलं की अनंतच्या अंगावर मूठभर मांस चढे.

आणि आता त्याच महादेवरावांचा निरोप आला होता. रविवारी सकाळी येतो, केशवरावांचे नवे काठ असतील तर पाहू, यंदाचे त्यातूनच ठरवू. नसतील तर बुऱ्हाणपूरचा एक माणूस तयार आहे, त्याला कायमचं सांगून टाकावं लागेल. वहिनीने हे अनंतला साध्या आवाजात सांगितलं होतं, पण सांगताना पदराचं टोक बोटाभोवती इतकं आवळलं होतं की बोट पांढरं पडलं. केशवचे सगळे नवे काठ बुटाच्या एका खोक्यात, कॅसेटींवर होते. कागदावर एकही नव्हता, आणि इथून पुढे त्याच्या हातून एक रेघ ओढली जाणार नव्हती. काठ गेले, की केशव कोणाचा कोणी उरत नव्हता. खिडकीपाशी बसवून ठेवलेला आजारी माणूस, बस.

टेपरेकॉर्डर तीन-चार महिने पडून पडून जाम झाला होता. अनंतने तो आठवड्याच्या सुरुवातीला घरी नेऊन उघडला. सैल पट्टा बदलला, रबरी चाक घासलं, कॅसेटला टेकून आवाज वाचणारा तो चकचकीत तुकडा, ज्याला हेड म्हणतात, तो स्पिरिटने पुसला. हेड किंचित तिरकं बसलेलं दिसलं. बाजूच्या बारक्या स्क्रूवर लाल रंगाचा वाळका थेंब होता, तो त्याने चाकूच्या टोकाने खरवडला आणि स्क्रू फिरवून हेड काटेकोर सरळ केलं. आपल्याकडची एक कॅसेट लावून पाहिली, ती पहिल्या झटक्यात चालली. मोठ्या ऐटीत तो टेपरेकॉर्डर परत घेऊन आला होता.

शेवटी त्याने निदान केलं. कॅसेटी गेल्या. खोकं भिंतीशी ठेवलेलं, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची चूल, भिंत तापते, फीत आकसते. वहिनीला तो हे समजावून सांगत असताना मागून केशवच्या घशातून आवाज निघाला. त्याने डावा हात वर उचलला होता आणि चिमटीत काहीतरी धरून हवेत फिरवत होता.

“दादा काय म्हणते, वहिनी?”

“गरम होऊन राहिलं असन,” वहिनी म्हणाली, आणि तिने भिंतीवरचं बटण फिरवून पंखा मोठा केला.

केशवने हात खाली घेतला आणि डोळे मिटून घेतले.

बुटाचं खोकं घेऊन अनंत घरी आला खरा, पण त्याला चैन पडेना. दवाखान्यातले टेपरेकॉर्डर, दवाखान्यातली यंत्रं, ज्याला ज्याला जोडता येईल त्याला त्याला जोडून त्याने त्या कॅसेटी लावून पाहिल्या. एकानेही दाद दिली नाही. जेवायला बसला आणि एक वायर बदलून पाहायची राहिली म्हणून भाताचा हात तसाच घेऊन उठला. लतिकाने ताट झाकून ठेवलं. ती म्हणाली, नाही होत तर नाही होत म्हणून सांगा, जीव काहून काढून राहिले. त्यावर तो तिच्यावर खेकसला, आणि मग तिने झाकलेलं ताट स्वतःच उघडून गार भात मुकाट्याने खाल्ला.

खरं म्हणजे त्याला भीती वाटत होती. उन्हाने, चुलीने एखादी कॅसेट जाते, दोन जातात. खोकंभर कॅसेटी एकदम, एकाच तऱ्हेने जात नाहीत. मार्गशीर्षापर्यंत त्या चालत होत्या आणि त्यानंतर त्या टेपरेकॉर्डरला हात लावणारा माणूस एकच होता. हे त्याला कळत होतं, आणि हेही कळत होतं की तो मुद्दाम तिकडे पाहत नाही.

शनिवारी त्याने सुट्टी टाकली. दुपारी पुन्हा एक कॅसेट लावून तो वाकला, तशी कोपराच्या धक्क्याने वायरची पिन निसटली. पिन खोचलेली असली की टेपरेकॉर्डर मुका असतो, निसटली की सगळा आवाज खोलीत येतो. कॉम्प्युटरची कॅसेट म्हणजे नुसती किंकाळी. पण केशवची ही किंकाळी घोंगडीआडून आल्यासारखी घोगरी होती. अनंतने ती काढून आपली एक कॅसेट लावली. ती सुईसारखी कानात शिरली. पुन्हा केशवची, घोगरी. पुन्हा आपली. स्वयंपाकघरातून लतिका म्हणाली, कान किटले. तिला काय सांगणार, त्याने कपाळाला हात लावला होता.

कॅसेटींना काही झालेलं नव्हतं. दादाच्या टेपरेकॉर्डरचं हेड तिरकं होतं. तिरक्या हेडने उतरवलेलं तिरक्या हेडलाच वाचता येतं, सरळ हेडला ते अर्धंच ऐकू येतं. आणि साऱ्या नागपुरात जे एक हेड ते वाचू शकत होतं, ते त्याने स्वतःच्या हाताने, स्पिरिटने पुसून, सरळ करून ठेवलं होतं.

खोकं आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन तो महालात दादाच्या घरी पोचला तेव्हा ऊन टळटळीत होतं आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वहिनी मागच्या दाराशी तांदूळ निवडत बसली होती. केशव खुर्चीत जागाच होता. अनंत सरळ टेपरेकॉर्डरपाशी जाऊन बसला. त्याने कॅसेट लावली, पिन काढून टाकली आणि खोलीभर घोगरा आवाज सोडून स्क्रूला हात घातला.

एका बाजूला किंचित फिरवला, आवाज आणखी बसला. दुसऱ्या बाजूला फिरवला तसा मोकळा होऊ लागला. आणखी. आणखी थोडा. वापरून वापरून हेड तिरकं होतं, पण एवढं होत नाही. स्क्रू फिरतच होता आणि आवाज उघडतच होता. मग एका क्षणी किंकाळी एकदम लख्ख झाली, आणि मागे केशवने डावा पंजा उभा केला. अनंतला ते दिसलं. तरी सवयीने त्याने स्क्रू अजून एक केसभर पुढे नेला. आवाज लगेच बसला. तो मुकाट्याने मागे, पंजा उभा राहिला होता तिथं आला.

पिन खोचून त्याने कॅसेट पहिल्यापासून लावली. लाल-आकाशी पट्टे आले, निळे-पिवळे आले, आणि या वेळी ते विस्कटले नाहीत. पडदा काळा झाला आणि त्याच्यावर डावीकडून मोरपंखी काठ विणला जाऊ लागला. सगळ्या कोयऱ्या उजवीकडे तोंड करून चालल्या होत्या, आणि त्यांच्यात मध्येच एक डावीकडे पाहत होती. दुसरा काठ लावला. तिथंही तसंच. तिसऱ्यातही.

वहिनी सूप तसंच हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

“ही एक उलटी काहून, वहिनी?” अनंतने विचारलं.

“ते म्हणत न, सगळ्याच जणी एकीकडं पाहून राहिल्या तर काठ मुका दिसते. एखादीनं मागं वळून पाहावं.” ती जरा हसली. “मले काही समजत नसे. पण म्हणत.”

मग अनंतने तिला स्क्रूचं सांगितलं. हेड आपोआप तिरकं झालं नव्हतं, कोणीतरी ते हिशेबाने फिरवलं होतं आणि हलू नये म्हणून वर लाल रंगाचा थेंब दिला होता. वहिनीच्या डोक्यात चटकन उजेड पडला. शामला, म्हणजे त्यांची मुलगी, भिवापूरला सासरी गेली तेव्हा तिची नेलपॉलिशची शिशी इथंच राहिली होती, आणि यांनी एकदा ती मागून घेतली होती. तिला तेव्हा वाटलं होतं, या वयात यांना नेलपॉलिश कशाला. आता कळलं. काठ चोरतात ना लोक. गांधीबागेत आज लुगडं आलं की पंधरा दिवसांत तसाच काठ दुसऱ्याच्या मालावर. म्हणून कुलूप लावून ठेवलं होतं यांनी. सांगताना तिला नवऱ्याचा अभिमान वाटत होता. ती चहा टाकायला आत गेली.

अनंतनेही मान डोलावली. चोरांसाठी, बरोबर आहे. मग त्याची मान डोलायची थांबली. गांधीबागेतल्या कोणत्या चोराच्या घरी हा कॉम्प्युटर होता? कॅसेट चोरून तो करणार काय, लग्नाच्या वरातीत वाजवणार? काठ चोरायचा तर लुगडं पाहून चोरता येतो, कॅसेट कशाला हवी. ही कॅसेट लावून आतला काठ बाहेर काढता येईल, त्यात आकडे बदलता येतील, आणि जुन्याच्या जागी नवा उतरवून परत देता येईल, असं घर महालात काय, साऱ्या गावात एकच होतं. त्या दिवाळीनंतर त्याने आणखी एकदा एक कॅसेट मागून नेली होती आणि ती घरी चाललीच नव्हती. केशव म्हणाला होता, राहू दे गा, खराब असन.

त्याला आधी राग आला. यंत्र दिलं मी, शिकवलं मी, आणि कुलूप मलाच. तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळायला लागला आणि ती गुंडाळलेलीच आहे हे पाहून त्याने ती सोडून दिली. राग फार वेळ टिकला नाही. त्याच्या मागे जी लाज आली ती मात्र हलेना.

“दादा,” तो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज मोठा नव्हता. “हा इस्क्रू तू माह्यासाठीच फिरवला होता न?”

केशवने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याची एक बाजू हलत नसे, त्यामुळे त्याला काय वाटतं ते नीट वाचता येत नसे.

“हो,” तो म्हणाला. अगदी स्पष्ट म्हणाला.

आत कपबश्या वाजल्या. वहिनी चहा घेऊन आली तेव्हा अनंत चपला घालत होता. चहा तिने उभ्या उभ्या प्यायला लावला.

रविवारी सकाळी अनंत आला तो खांद्याला एक पिशवी अडकवून. तिच्यात त्याचा स्वतःचा टेपरेकॉर्डर होता आणि कोऱ्या कॅसेटी होत्या. शनिवारची सगळी रात्र त्याने स्वतःशी वाद घातला होता आणि वादात तोच जिंकला होता. दादाचं दुखणं असं. टेपरेकॉर्डर जुना, उद्या पडला, स्क्रू हलला, तर पुन्हा सगळं मातीत. सगळे काठ एकदा नीट, सरळ हेडने उतरवून ठेवले तर कुठंही चालतील. हे काही चुकीचं नव्हतं. कोणीही हेच सांगितलं असतं. त्याने पिशवी दोन पायांच्या मध्ये ठेवली आणि टीव्हीजवळच्या स्टुलावर बसला.

महादेवराव सोसायटीच्या एका माणसाला बरोबर घेऊन आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात छत्री. त्यांनी केशवकडे पाहून मोठ्याने ‘कसं काय केशवराव, बरं आहे न’ विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता टीव्हीपुढे बसले. अनंत काठ लावत गेला. मोरपंखी, शेंदरी, मग एक जांभळा ज्यात कोयरीच्या पोटात कापसाचं बोंड होतं. महादेवराव पुढे सरकत सरकत पार खुर्चीच्या टोकाला आले. बरोबरचा माणूस ‘वा’ म्हणून गेला. यंदाचे काठ तिथल्या तिथं ठरले, बुऱ्हाणपूरच्या माणसाचं नावही निघालं नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

“आता असं करा अनंतराव,” महादेवराव म्हणाले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली, म्हणजे कामाचं बोलणं सुरू झालं. “हे खोकं तुम्ही घरी घेऊन जा. तुमच्याकडे मशिनी आहेत, तुम्हाले यातलं समजते. सोसायटीचं काम इथून पुढं तुमच्याच नावानं करू. केशवरावले आता आराम पाह्यजे. आन् ते मधातले उलट्या तोंडाचे आहेत न, तेवढे मागच्यासारखे सरळ करून टाकजा.”

पिशवी अनंतच्या पायांना लागत होती. वहिनीने दारातून जमिनीकडे पाहिलं. केशव कोणाकडेच पाहत नव्हता. त्याने डावा हात उजव्या हातावर ठेवला होता.

अनंतने पिशवी टाचेने स्टुलाखाली सरकवली.

“माह्या मशीनवर नाही चालत ह्या कॅसेटी,” तो म्हणाला.

महादेवराव हसले. त्यांना वाटलं, हा भाव खातो आहे. घरभर मशिनी आहेत म्हणे तुमच्याकडे, असं त्यांनी त्याला ऐकवलं, आणि नागपुरातली कोणतीही मशीन मी चालवून दाखवतो असं तुम्हीच सांगत फिरता, हेही ऐकवलं.

“सगळ्या लावून पाह्यल्या. एकीवरही चालत नाही. वहिनीले विचारा.”

“हो,” वहिनी म्हणाली. तिने मान वर केली नाही. “खोकं घेऊन गेले होते भाऊजी. नाही चालल्या.”

“मंग कसं करावं?”

“इथंच यावं लागन. हे फक्त दादाच्याच मशीनवर चालते. काही बदलायचं असन तं त्याले सांगा, आन् त्याले पटन तं तो करन.”

महादेवराव थोडा वेळ टोपी मांडीवर फिरवत बसले. बरोबरचा माणूस छताकडे पाहत होता. मग त्यांनी आपली खुर्ची उचलून वळवली. इतका वेळ तिचं तोंड टीव्हीकडे आणि पाठ खिडकीकडे होती, ती पाठ आता दाराकडे झाली आणि ते केशवच्या समोर आले.

“केशवराव,” ते म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज साध्या बोलण्याचा होता, “तो मोरपंखी पुन्हा एकदा दाखवता काय?”

“हो,” केशव म्हणाला.

वहिनीने कॉम्प्युटरचा पाट त्याच्या मांडीपाशी सरकवला. कॅसेट वाचायच्या आज्ञेचा पहिला शब्द एका बटणात येतो, तो त्याने डाव्या बोटाने दाबला. पुढचं चिन्ह मात्र दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय उमटत नाही, एक अगदी खालच्या कोपऱ्यातलं आणि एक अगदी वरच्या. केशवने अंगठा खाली टेकवला आणि बोट वर ताणलं. ते पोचलं नाही, अंगठाच निसटला. त्याने हात मांडीवर घेतला, थोडा दम खाल्ला, आणि पुन्हा ठेवला. अनंत त्याच्या सर्वांत जवळ बसला होता, नुसतं बोट पुढे केलं असतं तरी काम झालं असतं. महादेवरावांनी त्याच्याकडे पाहिलं.

अनंत खिडकीबाहेर पाहत होता.